कमानपेठेतला हंडा

"उचलू नका म्हणलं ना," चांगुणाआत्या म्हणाली, तेव्हा तिच्या व्हीलचेअरला हात घातलेले दोघे जण कानकोंडे होऊन बाजूला झाले.

कमानपेठेच्या दाराशी दगडी पायऱ्या होत्या. शंभर वर्षांची ही छताखालची भांड्यांची पेठ नुकतीच रंगवून काढली होती. नवे दिवे आले, पाटी आली, पायऱ्या तेवढ्या जशाच्या तशा राहिल्या. ऐतिहासिक ना. इतिहासाला बहुधा सगळी माणसं धडधाकटच लागतात.

आत्या सायखेड्याची. उभा जन्म पंचवटीच्या बाजारात मेथीच्या जुड्या विकल्या, आणि घरात लग्न निघालं की हंडा घ्यायला ती इथेच यायची. बोटाने वाजवल्याशिवाय भांडं घेत नसे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून कमरेखालचं अंग गेलं, तेव्हापासून तिचं सगळं दुसरेच ठरवत होते. पूजाच्या, म्हणजे भाचीच्या, लग्नातला हंडा तरी आपल्या हाताने घ्यायचा, एवढीच हौस उरली होती.

"मग बस हितंच," पूजाचा भाऊ हर्षल वैतागून म्हणाला.

दुकानदाराने तांब्याचे दोन-चार हंडे पायरीवर आणून मांडले आणि हर्षललाच विचारलं, "आजींना कोणता आवडेल?"

आत्याने हंडे पुढे ओढले. एकेक वाजवून पाहिला, एक पसंत केला. त्यावर देणारीचं म्हणून आत्याचं नाव आणि लग्नाची तारीख घालायला हर्षल हंडा घेऊन आत गेला. ती उन्हात बसून राहिली. येणारे-जाणारे तिला वळसा घालून चढत होते.

हंडा आला. तारखेची जागा मोकळी होती. काठाखाली ठसठशीत अक्षरं होती, 'कै. चांगुणाबाई यांच्या स्मरणार्थ.' आत्याने ती हळूहळू लावून वाचली.

"मी नुसतं नाव सांगितलं गं," हर्षल ओशाळला. "गेल्याची तारीख विचारली तवा पाहिलं मी."

म्हातारीच्या नावाचं भांडं दुसराच कुणी आणतो तेव्हा ते बहुतेक तिच्या माघारी देवळाला द्यायचं असतं. नावं घालणाऱ्या केरूचा हात सवयीने चालला होता.

आत्याला रडू आलं नाही. फार दमल्यासारखं झालं. हे तर केव्हापासूनच चाललं होतं, आज तांब्यावर उमटलं इतकंच.

"बोलव मघाच्या माणसांना," ती म्हणाली. "उचला मला."

चौघे लागले. डोळे घट्ट मिटून ती खुर्चीसकट वर गेली. आत केरूने मान वर करून पाहिलं आणि त्याच्या हातातली छिन्नी तशीच राहिली.

"आई, चुकलं माझं. त्याच्यावर वेल काढून देतो. झाकून जाईल."

"काढ. मी बसते हितं बघत."

टकटक सुरू झाली. वेल उमटली. खालची अक्षरं अजून थोडी दिसत होती, पण ती ज्याला ठाऊक आहेत त्यालाच. मग केरूने हंडा फिरवून तिचं नाव नव्याने घातलं, नुसतं नाव.

"आणि तारीख? लग्नाची ना?"

हर्षल तोंड उघडणार तोच आत्याने हात वर केला.

"आजची घाल," ती म्हणाली.