पिंडरांचा कोंडवाडा

यॉर्कशरच्या त्या खेड्यात नव्यानं राहायला आलेला माणूस आडनाव पिंडर सांगायचा. पिंडर म्हणजे मोकाट जनावरं कोंडवाड्यात घालणारा. "आमच्यात एक बिशप झाला, एक गोलंदाज," अशीही फुशारकी मारायचा. म्हातारी हिल्डा स्वतःच्या सावलीवरही संशय घेणारी. "आडनाव काय, कुणीही लावतं!"

एका सकाळी तिच्या दोन मेंढ्या गायब झाल्या. ती तडक त्याच्या दारात उभी राहिली.

"चोरा, मेंढ्या काढ!"

"कोंडवाड्यात आहेत, आजी. पाद्रीबाबांचे गुलाब खात होत्या. फाटक तुम्हीच उघडं टाकलंत."

हिल्डानं त्याला नखशिखान्त न्याहाळलं.

"पिंडरच आहेस मेल्या! माझ्या आजोबांची गाय तुझ्या पणज्यानं अशीच कोंडली होती. आमच्या घरात अजून त्याला शिव्या घालतात."