दुहेरी टीप

टेलरबाईंनी ब्रेक दाबून सायकल रस्त्याच्या कडेला घेतली, एक पाय चिखलात टेकला आणि कोटाच्या गळ्यातून हात आत घालून डावा खांदा चाचपला. ओला होता.

"घाम आहे," त्या म्हणाल्या. ऐकायला रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, पण स्वतःच्या कानावर घातलेलं बरं.

पाऊस सकाळी आठला लागला होता आणि बारा वाजत आले तरी दम खायला तयार नव्हता. याच पावसाची त्यांनी तीन दिवस डोळे लावून वाट पाहिली होती. ऐन पावसाळ्यात निघालेली बाई, अंगात स्वतः शिवलेला रेनकोट, आणि आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. पहिल्या दिवशी ऊन. दुसऱ्या दिवशी ऊन. तिसऱ्या दिवशी नाकाचं साल निघालं. रोज संध्याकाळी नणंदेचा फोन ठरलेला: "लागला का हो पाऊस, वहिनी?" इतक्या गोड आवाजात, की फोन नदीत टाकावासा वाटे.

सगळं त्या नणंदेपासूनच सुरू झालं होतं. नणंद टपाल वाटायची. तिच्या ऑफिसातल्या बावीस बायकांचे रेनकोट टेलरबाईंनी शिवले. उत्तम जलरोधक कापड, मापं एकेकीची अंगावर घेतलेली, आणि प्रत्येक शिवणीवर दुहेरी टीप, तीही बारीक. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातचं काही उसवलं नव्हतं. पावसाळा सुरू होऊन आठवडा झाला तशी नणंद दुकानाच्या दारात येऊन म्हणाली, "वहिनी, खांद्यातून पाणी येतं हो."

"तुला घाम फार येतो," टेलरबाई म्हणाल्या होत्या. "बाकी एकवीसजणी गप्प आहेत. तुझ्याच खांद्याला बरं गळती लागते!"

"दुकानात बसून कोट कोरडाच राहणार, वहिनी."

हे मात्र झोंबलं. टेलरबाई तिथल्या तिथे बोलून गेल्या, की सहा दिवस एकटी सायकलवर जाते, याच कोटात, भर पावसात. कोरडी परत आले तर पुन्हा शब्द काढायचा नाही. भिजले तर दुकानाची पाटी उतरवते. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. नवऱ्याने चेनला तेल घातलं, मागे दोन बॅगा बांधून दिल्या आणि कपाळाला हात लावला.

आता त्या पुन्हा पॅडल मारू लागल्या. चढ होता. समोरून आलेल्या ट्रकने चाकाखालचं सगळं पाणी त्यांच्या अंगावर उडवलं. उजवा खांदाही गार पडला, मग पाठीचा कणा, मग काखा. पाण्याचा एक ओघळ कोपरापर्यंत आला आणि बाहीतून मनगटावर उतरला. घाम एवढा गार नसतो हे त्यांनाही कळत होतं. चढ संपल्यावर एक मोठी शेड दिसली तेव्हा त्यांनी काही विचार न करता सायकल आत घातली.

शेडमध्ये ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवत होते. शिवत होते म्हणजे एकच माणूस शिवत होता, साठीचा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला. जमिनीवर ताडपत्रीचा हिरवा ढीग पसरला होता आणि तो त्याच्या मधोमध मशीन घेऊन बसला होता.

"बसा, बाई," तो म्हणाला. "कोट काढून तिथे अडकवा."

"कोट ठीक आहे."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. त्यांच्या पायाशी तळं साचत होतं. टेलरबाईंनी कोट काढला. आतला सदरा खांद्यावर, काखेत आणि पाठीवर काळाभोर भिजला होता. बाकी ठिकाणी कोरडा. कापण्याआधी खडूने आखावं तसा कोटाचा सगळा नकाशा सदऱ्यावर उमटला होता. त्यांनी तो पाहिला आणि मान दुसरीकडे वळवली.

ताडपत्रीवाल्याने कोट हातात घेतला, शिवणीवरून अंगठा फिरवला.

"कुणी शिवलाय?"

"मीच."

"हात फार सुरेख आहे."

"मग?"

त्याने कोट उलटा केला, खांद्याच्या जागी खोलगट खळगा करून त्यात पेलाभर पाणी ओतलं. क्षणभर काहीच झालं नाही. टेलरबाईंनी हनुवटी वर केली. मग शिवणीखाली थेंब धरले. एकाशेजारी एक, सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. त्याच्या शेजारी तशीच दुसरी रेष. टीप किती बारीक आणि किती सरळ होती, ते थेंबांवरून मोजून घ्यावं.

"सुई कापडाला भोक पाडते," तो म्हणाला. "तुम्ही टीप बारीक घातली, म्हणजे भोकं जास्त. वर दुसरी घातली, म्हणजे दुप्पट. आम्ही लांब टाके घेतो, एकदाच. वरून रबरी पट्टी गरम करून चिकटवतो. शिवण धरून ठेवते, पाणी पट्टी अडवते."

"दोरा भिजला की फुगतो. भोक बुजतं."

"सुती दोरा फुगतो. हा नाही."

दोरा त्यांनी मुद्दाम महागातला, न कुजणारा घेतला होता. टेलरबाईंना नुसती चीड आली. या माणसाची, दोऱ्याची, पावसाची आणि सर्वांत जास्त त्या दोन सरळ रेषांची. एखाद्या आळशी शिंप्याने ढिसाळ काम केलं असतं तर या बावीसजणी जास्त कोरड्या राहिल्या असत्या. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. नणंदच.

"वहिनी, बातम्यांत सांगतायत तिकडे धो धो पडतोय म्हणून. कुठे आहात?"

"शेडमध्ये." तिकडूनही पावसाचा आवाज येत होता. कोट ताडपत्रीवाल्याच्या हातात होता आणि अजून ठिबकत होता. "पाणी येतं," त्या म्हणाल्या.

नणंद हळू आवाजात म्हणाली, "आधी डाव्या खांद्यातून ना?"

"हो."

"मग पाठीत. मग काखेत. सदरा बदला आधी, वहिनी, नाहीतर छातीत सर्दी धरते."

टेलरबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तू आत्ता रस्त्यावर आहेस. अंगात काय आहे?"

"तुमचाच कोट."

"आणि आत?"

"अहो, काही नाही."

"आत काय घातलंयस?"

"प्लास्टिकची मोठी पिशवी. मान आणि हात काढायला भोकं पाडलीत. सगळ्याच घालतो."

"सगळ्या?"

"मी तुमच्या दुकानातून परत आले ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मीच म्हटलं सगळ्यांना, वहिनींना कुणी बोलायचं नाही. दीड महिना मान वर न करता शिवत होतात, मी पाहिलंय की. आणि दिसायला कोट फार छान आहेत, लोक विचारतात कुणी शिवले. पाटीबिटी काही उतरवायची नाही हं. सांगून ठेवते."

टेलरबाईंनी बाहीने डोळे पुसले आणि त्याचाही त्यांना राग आला. त्यांनी तो राग सवयीप्रमाणे आवाजात घातला.

"उद्या बावीसच्या बावीस कोट दुकानात आणून टाक. मी बसने येते, सायकल टपावर टाकून."

"आणि सहा दिवस?"

"चौथ्याच दिवशी भिजले. पुरे झालं."

फोन ठेवून त्यांनी बॅगेतून कोरडा सदरा काढला, ताडपत्रीच्या ढिगामागे जाऊन बदलला आणि बाहेर आल्या. ताडपत्रीवाल्याने तोवर त्यांचा कोट फळीवर पसरून ठेवला होता.

"पंधरा मिनिटं बसा. खांद्यांना पट्टी लावून देतो, तुमची वाट कोरडी होईल."

"माझ्या कोटाचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "मला शिकवा."

त्याने स्टूल पुढे सरकवला, ताडपत्रीचे दोन रद्दी तुकडे दिले आणि पट्टी कशी धरायची, गरम पत्रा कुठून फिरवायचा ते एकदा करून दाखवलं. टेलरबाईंनी बाह्या वर केल्या. पट्टी त्यांनी शिवणीवर नेमकी मधोमध ठेवली, पत्रा फिरवला आणि तुकडा त्याच्यापुढे धरला.

ताडपत्रीवाल्याने तो उजेडात नेऊन पाहिला.

"सुरकुती राहिली," तो म्हणाला. "पुन्हा करा."

सव्वीस वर्षांत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणायची कुणाची छातीच झाली नव्हती. टेलरबाईंनी तुकडा बाजूला टाकला आणि दुसरा घेतला.