टायर बदला, कोच बदला

"कोच, या वर्षी तुम्हाला काढणार आहेत का?"

एवढंच विचारायचं होतं. ब्रायली आणि टामिया या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींनी पैज लावली होती, की मी माइक हातात घेऊन घसा खाकरीन, 'पिचिंग कसं चाललंय' असलं काहीतरी पुटपुटीन आणि खाली बसेन. मी हरले तर आमच्या हाडवैरी टीमचा, वॉरफील्डचा, लाल शर्ट घालून शाळेत जायचं. आमच्या नॉक्स फेरी गावात यापेक्षा उघडं फिरलेलं बरं. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या पैजेत काही चुकीचं नव्हतं. मी वर्गात कधी हात वर केलेलासुद्धा कोणाला आठवत नसेल.

पण मी विचारलं. स्वच्छ, मोठ्याने, शेवटच्या शब्दापर्यंत.

मिस ओपलच्या हॉटेलात दर सोमवारी संध्याकाळी गावच्या कॉलेजच्या बेसबॉल कोचचा रेडिओवरचा कार्यक्रम असतो. एरवी तिथे कॅटफिश मासे तळल्याचा आवाज आणि गप्पा यांत स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. त्या क्षणी मात्र अख्ख्या हॉटेलात फक्त बर्फाचं यंत्र बोलत होतं. रेडिओवाल्या जिम एडने माझ्या हातातला माइक काढून घ्यायला हात पुढे केला. हा प्रश्न कोणी विचारत नाही. सगळे तो पार्किंगमध्ये विचारतात, चर्चच्या पायऱ्यांवर विचारतात. कोचच्या तोंडावर नाही.

कोच थॅगार्डनी टोपी मागे सरकवली. "राहू दे, जिम एड. कोणाची मुलगी तू?"

"ग्रँथम. डेसा ग्रँथम."

हॉटेलभर हसू पसरलं, कारण माझे डॅडी पुढच्याच टेबलावर बसले होते. गावाच्या वेशीवर ग्रँथम टायर्स नावाचं दुकान आहे ते आमचं. त्याच्यासमोर खांबावर एक पाटी आहे, तिच्यावर काळी अक्षरं लावून दर आठवड्याला नवीन मजकूर लिहितात. गेल्या महिन्यापासून तिच्यावर होतं : 'चार टायर बदला. एक कोच बदला.' हायवेवरून जाणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून दाद देत होते.

"टायरवाले ग्रँथम," कोच म्हणाले. "पाटी छान आहे. मी रोज वाचतो, घरी जायचा रस्ताच तो आहे."

डॅडींनी मान डोलावली. "वाचावी म्हणूनच लावलीय, कोच."

"तर ऐक, पोरी. माझा करार या उन्हाळ्यात संपतो. कॉन्फरन्सचा कप जिंकला तर राहीन. नाही जिंकला तर गळ टाकून बसायला तळं आहे माझ्याकडे. वरून मला तसं सांगण्यात आलंय, आणि आता तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तू काही खेळतेस का?"

"सॉफ्टबॉल. शाळेच्या टीममध्ये. शेवटची बॅटिंग करते."

"बंट येतो?"

"कोच, मला फक्त बंटच येतो."

यावर इतका हशा झाला की मिस ओपल स्वयंपाकघरातून बाहेर आली. का ते सांगते. बंट म्हणजे बॅट फिरवायचीच नाही, येणाऱ्या चेंडूपुढे नुसती आडवी धरायची आणि चेंडू पायापाशीच मेल्यासारखा पाडायचा. आपण बाद झालो तरी चालेल, पण आधीच बेसवर पोचलेला आपला गडी एक बेस पुढे सरकतो. बेस म्हणजे धावायच्या वाटेवरचे थांबे; ते गाठत फिरून घरी आलं की एक रन. कोच थॅगार्ड या बंटपायी बदनाम होते. त्यांना तो जिथे तिथे हवा असे आणि त्यांच्या पोरांना तो अजिबात जमत नसे. पोरं हवेत उडवत, झेल देत, मॅच हरत. कॉलेजच्या टीमचं नाव हेरॉन्स, म्हणजे बगळे. कॉन्फरन्समधल्या आठ टीममध्ये सातवे. डॅडी म्हणायचे, "बगळे ते बगळेच. एका पायावर उभे राहून मासा आपणहून चोचीत यायची वाट बघतायत."

"उद्या सरावाला ये," कोच म्हणाले. "माझ्या पोरांना दाखव जरा."

घरी जाताना गाडीत डॅडी खुशीत होते. "माझी पोरगी," स्टिअरिंगवर ताल धरत ते म्हणाले. "सगळ्यांसमोर. धडधडीत. बघितलंस का, लोरेन?"

"बघितलं," ममा म्हणाली. ती दातांच्या डॉक्टरकडे काम करते, त्यामुळे कमी शब्दांत बोलायची तिला सवय आहे. "पण ती उद्या जाणार आहे."

"कुठे?"

"सरावाला. बोलावलंय तिला."

डॅडींचा ताल थांबला. "डेसा, तो माणूस तुझी चेष्टा करत होता."

"असेल. पण मी जाणार, सर." आमच्याकडे वडिलांना नाही म्हणतानासुद्धा सर म्हणावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी माझी बॅट घेऊन गेले. कॉलेजची पोरं अंगाने एवढी थोराड, की त्यांच्यात उभी राहिल्यावर मला ऊन लागेना. त्यातला सगळ्यांत मोठा गॅरिसन पल्लम. हा पल्लम चेंडू मारायचा तो कुंपणापलीकडे, चर्चच्या पार्किंगमध्ये. तो मारायला आला की पाद्रीबाबा आपली गाडी हलवत, हे मी स्वतः पाहिलंय. तो म्हणाला, "कोच, ही मुलगी आम्हाला शिकवणार?"

"शिकवणार नाही. तू नुसता बघ."

चेंडू फेकणारं यंत्र सुरू झालं. सॉफ्टबॉलपेक्षा चेंडू लहान आणि भलताच जोरात. पहिला माझ्या बॅटच्या कडेला लागून मागे गेला. कोणीतरी शीळ घातली. एरवी मी तिथेच बॅट ठेवून पळाले असते. पण आदल्या दिवशी अख्ख्या गावासमोर तोंड उघडून मी जिवंत राहिले होते, आता शिळेला काय घाबरायचं. मी गुडघे आणखी वाकवले. दुसरा चेंडू गवतात पडला आणि तिथेच राहिला. तिसरा त्याच्या शेजारी. मग एकामागून एक, कोंबडीने अंडी घालावीत तसे.

शीळ बंद झाली.

पल्लमने करून पाहिलं. त्याने बॅट पुढून पकडली आणि चेंडू थेट अंगठ्यावर घेतला. तो जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

"बोटं मागे ठेव," मी म्हणाले. "चिमटीत धर, मूठ वळू नकोस. आणि चेंडूला मारू नकोस. तू मारतोयस."

"मारू नको तर काय करू?"

"झेल. बॅटने झेल. कोणी अंडं फेकलं तर हात थोडा मागे घेतोस ना, तसं."

"माझ्यावर कोणी अंडं फेकत नाही."

"आमच्या डॅडींना भेट एकदा."

तो हसला आणि मग त्याचं अंग सैल पडलं. तिथेच खरी मेख होती. कोच माझ्या शेजारी कुंपणाला टेकून म्हणाले, "बघ, हात-बोटं सगळी जागेवर आहेत त्याची. पण बंट करायला सगळ्यांसमोर लहान व्हावं लागतं. या पोरांना जन्मभर सगळ्यांनी मोठं म्हटलंय. त्यांना तेच जड जातं."

मला लहान व्हायचा सराव दांडगा होता. त्याचाही उपयोग होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी रोज जायला लागले. ब्रायली आणि टामिया पण यायच्या, म्हणे माझ्या सोबतीला, पण डोळे शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणाऱ्या पोरावर. आणि बगळे हळूहळू जिंकायला लागले. कोणाच्या नजरेत भरेल असं काही नाही; एक रन इथे, एक रन तिथे. समोरच्या टीमला बंट अडवायला पुढे येऊन उभं राहावं लागे, मग आमची पोरं त्यांच्या डोक्यावरून मारत. फक्त पल्लमला कोच मॅचमध्ये बंट करायला कधीच सांगत नव्हते. "त्याला शिकवलं कशाला मग?" मी विचारलं. "पाहुणे आल्यावर काढायची ताटं असतात ना," कोच म्हणाले, "ती रोज काढत नाहीत."

घरात मात्र टायर तापलेले होते. "दुकानात लोक विचारतात मला," डॅडी म्हणायचे. "ग्रँथम, पाटी एक सांगते आणि पोरगी दुसरंच करते."

"मग पाटी काढा."

"कप आणू दे त्याला. स्वतः शिडी चढून काढीन."

कॉन्फरन्सचे सामने मे महिन्याच्या शेवटी झाले. बगळे पडत-झडत अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि समोर कोण, तर वॉरफील्ड. डॅडी अर्थातच आले होते. त्यांना कोच नको होता, पण टीमचा एकही सामना त्यांनी कधी चुकवला नाही. निळी टोपी, उकडलेल्या शेंगांची पिशवी आणि कपाळावर आठ्या, या तीन गोष्टींशिवाय ते मैदानावर जात नाहीत.

शेवटची खेळी आली तेव्हा आम्ही एका रनने मागे होतो. मागे पडलं की आमच्याकडे सगळे टोप्या आतली बाजू बाहेर करून घालतात. नशीब उलटावं म्हणून. आमच्या रांगेतल्या आज्ज्यांपासून तान्ह्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या टोप्या उलट्या झाल्या, शिवणी आणि घामाचे डाग बाहेर. डॅडींची तेवढी सुलटी.

"डॅडी, टोपी."

"त्या माणसासाठी नाही."

"टीमसाठी."

"टीम त्याचीच आहे."

ममाने शेंग सोलली. "रॉस," ती म्हणाली, "टोपीला काय कळतंय."

आमच्या पहिल्या गड्याने दोन बेस मिळवले. दुसऱ्याने मारलेल्या फटक्यावर तो घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, आला आणि बरोबरी झाली. तिसरा बाद. चौथ्याने आणखी एक फटका मारला आणि तो दुसरा गडी तिसऱ्या बेसवर जाऊन थांबला. घर तिथून हाकेच्या अंतरावर. त्याला आत आणला की कप आमचा, कोच आमचे. आणि बॅट घेऊन निघाला पल्लम.

अख्खं स्टेडियम उभं राहिलं. वॉरफील्डचे सगळे खेळाडू मागे सरकले, पार गवताच्या कडेला, काही तर कुंपणाला पाठ लावून. पल्लमपुढे कोण जवळ उभं राहणार? दात प्यारे असतात माणसाला.

मी शेजारी पाहिलं. डॅडींनी टोपी काढली होती. ती हातात फिरवत, कोणाकडे न बघता, त्यांनी ती उलटी केली आणि डोक्यावर दाबून बसवली. "देवा," ते पुटपुटले, "आज त्या म्हाताऱ्याला बंटची आठवण होऊ देऊ नकोस."

कोच तिसऱ्या बेसपाशी उभे होते. कान, पट्टा, नाक, पुन्हा कान. खुणांचा नेहमीचा नाच. पल्लमने तो पाहिला, खाली मान घातली आणि आपल्या अंगठ्याकडे बघितलं. त्या काळ्या पडलेल्या नखाकडे. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"ताटं काढली," मी म्हणाले.

"काय?" डॅडी म्हणाले.

चेंडू टाकणाऱ्या पिचरने हात मागे नेला आणि तिसऱ्या बेसवरचा आमचा गडी सुसाट सुटला. आता माघार नाही. चेंडू बॅटला लागलाच पाहिजे, नाहीतर तो पोरगा आयताच मरणार. आणि तो डोंगराएवढा पल्लम, जो आला की पाद्रीबाबा गाडी हलवतात, तो गुडघ्यात वाकला, बॅट आडवी केली, बोटं मागे घेतली आणि एवढुसा झाला. चेंडू आला. त्याने तो झेलला. अंड्यासारखा.

चेंडू गवतात पडला आणि आळसावल्या मांजरासारखा तिथेच बसला. वॉरफील्डचे नऊच्या नऊ जण त्याच्याकडे बघत राहिले. पिचर धावला, घसरला, हातात गवत घेऊन उठला. आमचा गडी धुरळ्यातून घरात शिरला होता.

मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. टामिया माझ्या पाठीवर होती, ब्रायली रडत होती, शेंगा आभाळातून पडत होत्या. पोरांनी कोचना उचललं होतं, आणि पल्लम मैदानाच्या मधोमध अंगठा वर करून आमच्या रांगेकडे दाखवत होता. डॅडी तेवढे बसलेले. उलट्या टोपीत.

"बंट केला," ते म्हणाले. शोकसभेत बोलतात तशा आवाजात. मग टोपी चाचपत, "पल्लमकडून." आणि मग ते उठले, ममाचे दोन्ही गाल धरून त्यांनी तिचा मुका घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "लोरेन, काय बंट केला गं त्या म्हाताऱ्याने."

सोमवारी मिस ओपलकडे पाय ठेवायला जागा नव्हती. कॉलेजचे क्रीडाप्रमुख स्वतः आले आणि त्यांनी कोचचा नवा करार जाहीर केला. लांबलचक करार. टाळ्या संपेनात. मग जिम एडने माइक फिरवला आणि डॅडींनी हात वर केला. मी टेबलाखाली जायच्या बेतात होते.

"कोच," डॅडी म्हणाले, "मला एकच विचारायचंय. त्या पल्लमकडून बंट आधी का नाही करवला? किती सामने वाचले असते."

कोच इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी डॅडी शिडी चढले. ममाने शिडी धरली होती, मी खालून अक्षरं देत होते. 'एक कोच बदला' खाली आलं. त्या जागी 'कोच राहू द्या' असं जात होतं. एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

"डॅडी, ममा," मी म्हणाले, "मी ठरवलंय. मी कोच होणार."

"सॉफ्टबॉलची?" वरून आवाज आला.

"बेसबॉलची. इथलीच, नॉक्स फेरीची. थॅगार्ड तळ्यावर गळ टाकून बसतील तेव्हा."

शिडी हलली. ममाने ती घट्ट धरली आणि माझ्याकडे बघून हसली. डॅडींनी हातातलं अक्षर जागेवर बसवलं, खाली पाहिलं, आणि म्हणाले, "पोरी, पहिल्या दोन मॅच हरलीस ना, की गाव तुला काढायला निघेल."

"माहीत आहे, सर. तुमची पाटी मी रोज वाचीन. पण कोच मीच होणार."