चुकीसकट

आमच्या गावच्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा वाजवलं तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. शेवटचं वाजवलं ते गेल्या जुलैत, एकाहत्तराव्या वर्षी. खरं तर त्या रविवारी मी वाजवायचंच नव्हतं. नुसतं बसायचं होतं.

ब्रोडी टॅकेटच्या बँडमध्ये मी तीन वर्षं स्टील गिटार वाजवत होतो. ही गिटार गळ्यात अडकवत नाहीत. ती अरुंद टेबलासारखी पायांवर आडवी उभी असते, खाली पावलांनी दाबायच्या पट्ट्या असतात, आणि वाजवणारा मागे खुर्चीवर बसून तारांवरून पोलादाची कांडी सरकवतो. बसून आणि मान खाली घालून करायचं काम मला नेहमीच बरं वाटत आलं आहे. चाळीस वर्षं मी जिल्ह्याच्या वाचनालयात नोकरी केली. तिथेही मान खालीच असायची.

मे महिन्यात ऑस्टिनजवळच्या एका कार्यक्रमात माझं बोट आखडलं आणि भर गाण्यात एक सूर भलतीकडेच गेला. ब्रोडी लगेच वळून माइकवर म्हणाला, "मिस्टर अल्विनच्या गिटारला सर्दी झालीय!" लोक हसले. मीही हसलो असेन. कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. मोठ्या माणसाशी बोलताना तो उभा राहून बोलत नाही, हे मला त्याचं आवडतं.

"मिस्टर अल्विन, रागावू नका हं. फेब्रुवारीत तुम्ही स्टुडिओत वाजवलंय ते सगळं आपल्याकडे आहे. डीना ड्रमच्या बाजूला लॅपटॉप ठेवेल आणि तिथून सोडेल. तुम्ही बोटांना विश्रांती द्या."

"म्हणजे मी यायचं नाही?"

"असं कसं! तुम्ही हवेच. स्टील गिटार दिसली नाही तर लोक म्हणतात, हे कंट्री संगीत नव्हेच. तुम्ही नेहमीसारखे बसा, हात फिरवा. फक्त अ‍ॅम्प्लिफायर बंद."

मी बरं म्हणालो. नाही म्हणायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. फेब्रुवारीतलं ते वाजवणं चांगलं होतं. त्यानंतर मी एकदाही तितकं चांगलं वाजवलेलं नव्हतं. चांगलं ते लोकांनी ऐकावं, यात चूक काय, असं मी स्वतःला विचारायचो. जून महिन्यात सहा कार्यक्रम झाले. एकाच्याही लक्षात आलं नाही. एक बाई तर येऊन म्हणाल्या की तुमच्या बोटांत देव आहे. मी त्यांचे आभार मानले.

पण जुलैतला कार्यक्रम आमच्याच चर्चच्या मेळ्यात होता. दुपारी दोन ते पाच, त्याच जुन्या लाकडी हॉलमध्ये. आणि तिथे एर्विन कुबेना येणार होते.

मला स्टील गिटार त्यांनी शिकवली. आता ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. स्टेजच्या डाव्या हाताचा बाक त्यांचा, तिथे दुसरं कोणी बसत नाही. त्यांना फसवणं मला जमणार नव्हतं, आणि त्यांना फसवायचं माझ्या मनातही नव्हतं. तरी मी निघालो होतो तेच करायला. गाडी चालवताना मी एक वाक्य पाठ केलं: ब्रोडी, आज निदान एक गाणं मला माझ्या हातांनी वाजवू दे.

मी पोचलो तेव्हा स्वयंपाकघरातून सॉसेज आणि कोबीचा वास येत होता. नाचणाऱ्यांचे बूट सरकावेत म्हणून दोघी बायका जमिनीवर मक्याचं पीठ भुरभुरत होत्या. डीना ड्रम जुळवत होती.

"एवढा घाम कशाला, मिस्टर अल्विन?" ती म्हणाली. "आज तुम्हाला भरपगारी सुट्टी आहे."

"उकाडा आहे," मी म्हणालो.

ब्रोडी स्टेजमागे आरशात बघून हॅट वाकडी करत होता. मी पाठ केलेलं वाक्य म्हणालो.

"आज नको, मिस्टर अल्विन," तो म्हणाला. "तुमच्या गावातच बोट आखडलं तर? मला तुमची काळजी वाटते. बरं, फादर कसल्या तरी वॉल्ट्झबद्दल सांगत होते. जोडप्यांचा."

मी त्याला आमची पद्धत सांगितली. सगळी लग्न झालेली जोडपी नाचायला उतरतात. मग एक वर्षवाले बाहेर, पाच वर्षांवाले बाहेर, असं करत शेवटी सगळ्यांत जुनं जोडपं उरतं. त्यांच्या पायांच्या वेगाने वाजवायचं. आणि ती दोघं आपण होऊन बाकावर जाऊन बसेपर्यंत संगीत थांबवायचं नाही.

"झकास!" ब्रोडी म्हणाला. "म्हणजे बाहेर काढायचं काम माझं. लोकांना रडवतो की नाही बघा."

पायांच्या वेगाचं त्याने ऐकलं नाही. मी ते पुन्हा सांगायला हवं होतं. मी जाऊन गिटारच्या तारा सुरात लावत बसलो, ज्या वाजणार नव्हत्या.

कुबेना आले ते बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. लुडीबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, तरी आधार त्याच देतात.

"काय रे पोरा, हात कसे आहेत?"

"ठीक आहेत, मिस्टर एर्विन."

"बरं. आज ऐकतो तुला."

"हा कसला ऐकतोय," लुडीबाई म्हणाल्या. "डोळे मिटून झोपतो."

"मी डोळे मिटून ऐकतो."

"मग घोरतं कोण? मी?"

दोन वाजता सुरू झालं. ब्रोडीबद्दल खोटं बोलायचं नाही. तो स्पीकरवर चढला, खाली उडी मारली, आजीबाईंच्या रांगेत शिरून एकीला हॅट घातली, फादरना कमरेला धरून एक गिरकी दिली. अर्ध्या तासात हॉल त्याचा झाला. मी पन्नास वर्षांत स्टेजवरून एका माणसाला मुद्दाम हसवू शकलेलो नाही. मी मान खाली घालून हात फिरवत होतो आणि स्पीकरमधून फेब्रुवारीतला मी वाजत होतो.

तिसऱ्या गाण्याला मी हळूच बाकाकडे पाहिलं. कुबेनांचे डोळे उघडे होते. ते माझ्या हातांकडे बघत नव्हते. माझ्या पायाशी असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरकडे, त्याच्या न लागलेल्या लाल दिव्याकडे बघत होते. मग त्यांनी मांडीवरची हॅट उचलली आणि तिच्या आतलं लेबल वाचू लागले.

मला वाटलं, उठून जावं. गेलो नाही. दीड तास तसाच बसलो.

चार वाजता वॉल्ट्झ आला. ब्रोडीने एकेकाला छान गमतीने बाहेर काढलं. "पाच वर्षं? अजून भांडायलासुद्धा नीट येत नसेल, चला बाजूला!" पंचवीस गेले, चाळीस गेले, पन्नासवाले टाळ्या घेत गेले. नाचाच्या जागेत कुबेना आणि लुडीबाई उरले. चौसष्ट वर्षं.

माझ्या हातांना काही काम नव्हतं, म्हणून असेल, मी वर बघत होतो. कुबेना मला शिकवताना सारखे सांगायचे, तारा बघू नकोस, नाचणाऱ्यांचे पाय बघ, हात आपोआप शिकतील. मला ते कधीच जमलं नाही. चुकीच्या भीतीने माझे डोळे नेहमी तारांवर. त्या दिवशी मी स्टेजवरून पहिल्यांदा पाय पाहिले.

ते मागे पडत होते. लॅपटॉपमधला वॉल्ट्झ स्टुडिओत नोंदलेल्या वेगाने चालला होता, तरुण माणसांच्या वेगाने. कुबेना एक पाऊल चुकले, थांबले, पुन्हा सुरू केलं. लुडीबाईंचा पाय उचलला गेला आणि कुठे टेकवावा ते न कळून तसाच राहिला. लोकांना वाटलं, आपण टाळ्यांचा ठेका धरला की त्यांना मदत होईल. त्याने आणखीच वाईट झालं. कुबेनांनी बायकोला घट्ट धरलं होतं आणि ते बाकाकडे बघत होते. बाक लांब होता.

"डीना, थांबव," मी म्हणालो.

तिच्या कानात इअरफोन. माझा आवाज तर समोरच्यालाही ऐकू जात नाही.

मी उभा राहिलो. चालू गाण्यात मी कधी उभा राहिलो नव्हतो. "डीना! बंद कर ते!"

तिला वाटलं, मला काही होतंय. तिने घाबरून बटण दाबलं.

सगळं एकदम थांबलं. मी वाकून अ‍ॅम्प्लिफायरचा खटका वर केला. माझा अ‍ॅम्प्लिफायर जुना, काचेच्या नळ्यांचा. तो तापायला वीस सेकंद लागतात. हे मला माहीत होतं आणि तरी त्या क्षणी आठवलं नव्हतं. कुबेना आणि लुडीबाई नाचाच्या जागेच्या मधोमध एकमेकांना धरून उभे होते, आणि त्या हॉलमध्ये जोडपं नाचत असताना संगीत तुटल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. मीच ते तोडलं होतं.

"थांबा हं मंडळी," ब्रोडी माइकवर म्हणाला. "मिस्टर अल्विन बॉयलर पेटवतायत. लुडीमॅडम, तोवर नवऱ्याला सोडू नका, इथे बऱ्याच विधवा आहेत."

हॉल हसला. लुडीबाईही हसल्या. ते वीस सेकंद त्याने भरून काढले, हे मान्य करायला हवं. माझ्याच्याने ते झालं नसतं.

मग नळ्या तापल्या आणि मी वाजवलं. त्यांचं पाऊल पडेल तेव्हा सूर, पाऊल अडेल तेव्हा सूर धरून ठेवायचा. तारांकडे बघत नव्हतो. त्यामुळे तिसऱ्या ओळीत कांडी थोडी अलीकडे पडली आणि सूर उतरला. चांगला मोठ्याने उतरला, आणि बोट थरथरलं तेही ऐकू आलं. डीनाने हलकेच साथ धरली. ब्रोडी अर्ध्या आवाजात गायला. दीड फेरी मारून ती दोघं बाकापाशी पोचली. लुडीबाई बसल्या, कुबेना बसले, आणि मग मी थांबलो.

कार्यक्रम संपल्यावर मी बाकापाशी गेलो.

"तिसरी ओळ उतरली," कुबेना म्हणाले.

"हो."

"पाय बघत होतास."

"हो."

"मग असू दे." त्यांनी हॅट डोक्यावर ठेवली. "आणि आधीची गाणी कोण वाजवत होतं?"

"मीच. फेब्रुवारीतला."

"चांगला वाजवतो तो," ते म्हणाले.

हा टोमणा होता की नाही, मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

जेवणाच्या रांगेत ब्रोडीने मला गाठलं. त्याच्या हातात फोन होता.

"मिस्टर अल्विन, हे बघा! तासाभरात चार हजार लोकांनी बघितलं! तुम्ही उभे राहता, ओरडता, मग ती शांतता... बायका रडतायत हो! शनिवारपासून दर कार्यक्रमात हेच करू. जोडपं मी शोधीन. मध्येच ट्रॅक बंद पडेल, तुम्ही उठायचं, खटका लावायचा आणि वाजवायचं. ती तिसऱ्या ओळीतली चूक मात्र ठेवा."

"ती चूक होती, ब्रोडी."

"म्हणून तर! सगळ्यांना तीच आवडलीय. आणि अ‍ॅम्प चालू, मिस्टर अल्विन. खरं वाजवायचं. हेच मागत होतात ना मघाशी?"

हेच मागत होतो. तो खोटं बोलत नव्हता, आणि आनंदही त्याचा खरा होता. त्याने माझ्या ताटात स्वतःच्या हाताने बटाटे वाढले.

"कळवतो," मी म्हणालो.

मंगळवारी दुपारी घरी मी गिटार उभी केली आणि तो वॉल्ट्झ वाजवून पाहिला. तिसऱ्या ओळीत कांडी अलीकडे पडली. मला वाटलं, बोट आखडलंय. थोडा थांबून पुन्हा वाजवला. पुन्हा तिथेच, तेवढीच. चौथ्यांदा मी डोळे तारांवरून न हलवता वाजवलं, तरी सूर उतरला आणि बोट थरथरलं, आणि या वेळी थरथर जरा सुबक वाटली. ती आपोआप झाली की मी केली, हे मला सांगता येईना. मी कांडी बाजूला ठेवली. रविवारपर्यंत माझ्या चुका तरी माझ्या होत्या.

मी ब्रोडीला फोन केला आणि सांगितलं की मी येत नाही, शनिवारीही नाही आणि पुढेही नाही.

त्याला वाईट वाटलं. तो दोनदा म्हणाला, "खरंच?" मग माझी समजूत काढत असल्यासारखा म्हणाला, "बरं, मिस्टर अल्विन. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. रविवारचं सगळं डीनाच्या लॅपटॉपवर नोंदलं गेलंय. खुर्चीवर कोणालातरी बसवू."

"ती तिसरी ओळ नीट करून घ्याल का?" मी विचारलं. "फेब्रुवारीतली घालता येईल तिथे."

"छे हो," तो म्हणाला. "चुकीसकटच ठेवणार."

फोन ठेवल्यावर मी तिसरी ओळ पुन्हा वाजवली. समोर कोणाचे पाय नव्हते, म्हणून वेग कुठला धरावा ते कळेना. चौसष्ट वर्षांच्या संसाराचा धरला. या वेळी ओळ बरोबर आली. निदान मला तसं वाटलं.