भिमाजी मुकादमाच्या ट्रॉलीला ब्रेक

माझं तोंड लई फाटकं, हे आधीच सांगून ठेवते. पोटात एक आन व्हटात एक असलं मला जमत न्हाई. आमच्या ट्रॉलीच्या ब्रेकचं सांगते ते बी जसं घडलं तसंच सांगते. कुनाला राग आला तर त्यानं वरनं तांब्याभर पानी प्यावं.

आमचं गाव पाथर्डीच्या वरल्या अंगाला, डोंगरावर. दिवाळी झाली की गावात म्हातारी मानसं आन कुत्री राहत्यात, बाकी सारी कोयता घिऊन ऊस तोडायला जात्यात. आमचं मालक टोळीचं मुकादम. त्यांचं नाव म्या घेत न्हाई, लोक भिमाजी मुकादम म्हनत्यात. ट्रॅक्टर घरचा, तो आमचा पोरगा कल्याण चालवतो. ट्रॉलीत धान्याची पोती, भांडी, चुली, शेळ्या, कोंबड्या भरायच्या, वर मानसं बसवायची आन घाट उतरून कोल्हारला प्रवरेच्या काठी जायचं. पंच्यान्नव सालापोतर आमचं असंच चाललं हुतं.

आता घाटाचं सांगते. ट्रॅक्टरला ब्रेक असतो, ट्रॉलीला काय बी नसतं. उताराला भरलेली ट्रॉली मागून ट्रॅक्टरला रेटती. म्हनून आमच्याकडं बैलगाड्यांच्या काळापासनं रीत हाय, घाटाच्या तोंडाशी सगळ्यांनी उतरायचं आन पायी चालायचं. चौऱ्यान्नव साली मधल्या वळनावर ट्रॉली आडवी झाली. समदी पायी हुती म्हनून मानूस वाचलं, शेळ्या तेवढ्या गेल्या.

पन पंच्यान्नव साली एक मानूस पायी चालनार नव्हतं. माझी सून, कल्याणची बायकू आरती. तिला आठवा महिना. तिचं पैलं लेकरू सहाव्या महिन्यातच गेलेलं, उसाची मोळी डोक्यावर घेताना. ह्या खेपंला पाथर्डीच्या डॉक्टरीनबाईनं बजावलं हुतं, चालायचं न्हाई, उतार तर बिलकुल न्हाई. घरी ठेवावी तर कुनाजवळ? तिचं माहेर बी कोयत्यावर. एसटी आमच्याकडं वर येत नव्हती, आन वडाप जीपमधी मानसं अशी कोंबत्यात की धडधाकटाचा जीव जावा. म्हंजे तिनं ट्रॉलीत बसूनच घाट उतरायचा.

"ट्रॉलीला ब्रेक बसवा," म्या मालकांना म्हनलं.

"निघायच्या आधीच थांबायचं बघायचं? अपशकुन हाय त्यो," मालक म्हनले. "माझ्या बापानं बिनब्रेकच्या गाड्या उतरवल्या ह्याच घाटातनं."

"तुमच्या बापानं बैलं जुपली हुती. बैलाला आपला जीव प्यारा असतो, त्यो आपसूक पाय रोवतो. ट्रॉलीला कसला आलाय जीव?"

"टोळी म्हनंल, मुकादम भ्याला."

"भ्याला तर भ्याला. टोळी काय सूनबाईचं बाळतपन करायला येनार हाय?"

त्यावर ते उठून गेले. मुकादमाची रीतच ती. बोलनं अंगाशी आलं की धोतर झटकायचं आन पाराकडं निघायचं.

म्या कल्याणला रिकामी ट्रॉली जोडायला लावली आन पाथर्डी गाठली. तिथं स्टँडच्या मागं गोरक्षचं वेल्डिंगचं दुकान. पोरगा बोलका, कामाचा. त्यानं ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली आन म्हनला, "मावशी, तीन परकार हायेत. एक म्हंजे ट्रॅक्टरपासनं पाइप आनायचा. कल्याणनं पाय दाबला की ट्रॉलीचा ब्रेक बी दाबला जानार. ह्यो सगळ्यात झ्याक, पन त्याचं सामान नगरहून मागवावं लागंल, आन तुमी चार दिवसांत निघनार."

"मंग त्यो ऱ्हाऊ दे. दुसरा?"

"दुसरा ढकल्या. उताराला ट्रॉली पुढं रेटली की जोडाच्या जागी दांडी आत सरकती आन ब्रेक आपसूक लागतो. कुनी काय करायचं न्हाई."

कल्याणचं तोंड फुललं. "आई, ह्योच घेऊ. मानूस लागत न्हाई, काय न्हाई."

"थांब जरा. रिव्हर्स घेताना काय हुतं?" म्या इचारलं. कारन उसाच्या फडात ट्रॉली लावायची म्हंजे दिसभर मागं-पुढंच चालतं.

गोरक्ष हसला. "बराबर इचारलं. मागं घेताना बी दांडी आत जाती आन ब्रेक लागून बसतो. म्हनून एक खिट्टी दिलीय. मागं घ्यायच्या आधी खिट्टी घालायची, म्हंजे ब्रेक बंद. काम झालं की काढायची."

म्या कल्याणकडं बघितलं. त्यानं मान दुसरीकडं वळवली. ह्या पोरानं जन्मात एक वस्तू काढून जागेवर ठेवली असंल तर शपथ. चपला घरात घालून येतो, मोटारीचं बटन चालू ठेवून जेवायला बसतो. खिट्टी घालील, आन मंग ती राहील तशीच, आन घाटात कळंल की ब्रेक बंदच हाय.

"तिसरा सांग," म्या म्हनलं.

"तिसरा हाताचा. ट्रॉलीच्या म्होरल्या अंगाला लोखंडी बैठक आन एक चाक, बसच्या स्टेरिंगावानी. ते फिरवलं की खाली बाभळीचे ठोकळे टायरला भिडत्यात. ठोकळ्यावर जुन्या टायरचं रबर ठोकून देतो. टायरच्या बैलगाडीला असतो ना, त्याचाच थोरला भाऊ. पन मावशी, ह्याला मानूस लागतं. डुलकी घेनारं न्हाई, पेनारं न्हाई, अर्ध्या घाटात सोडून देनारं न्हाई. असं मानूस हाय का टोळीत?"

"हाय," म्या म्हनलं.

"कोन?"

"तुझ्या म्होरं हुबं हाय."

कल्याण कपाळाला हात लावून बसला. बाईमानूस ब्रेकवर बसलेलं लोक बघतील, ह्याची त्याला लाज. म्या म्हनलं, लाज उताराला कामाला येती का रं? येत असंल तर तीच लाव टायरला. गोरक्षनं तोंड फिरवून हसू दाबलं आन हाताचा ब्रेक बसवायला घेतला.

घरी आल्यावर मालकांनी ट्रॉलीकडं बघितलं बी न्हाई. जायच्या आदल्या दिवशीपोतर आमच्यात बोलनं बंद. आरती बिचारी दोघांच्या मधी. मला म्हनाली, "आत्याबाई, माझ्यापायी घरात भांडन नगं." म्या म्हनलं, तुझ्यापायी न्हाई, भांडन आमच्या अंगवळनी पडलंय, तू गप झोप.

निघायचा दिवस उजाडला. सामान भरलं. मधी गोधड्या अंथरून आरतीला बसवली, बाकीची मानसं बी चढली. मी म्होरं लोखंडी बैठकीवर, पदर कमरंला खोचून. इंजिनाच्या आवाजात बोलनं ऐकू येत न्हाई, म्हनून कल्याणचं आन माझं ठरलं हुतं. त्यानं डावा हात वर केला की ब्रेक धरायचा, खाली केला की सोडायचा.

घाट लागायच्या आधी शाळंपाशी एक लहान उतार हाय, वढ्याकडं जानारा. कल्याणनं हात वर केला. म्या चाक फिरवलं. फिरवलं, फिरवलं, पार घट्ट हुईस्तोवर फिरवलं. ट्रॉली थांबायचं नाव घेईना. टायरवरनं ठोकळे सूं सूं करत सरकायला लागले. ट्रॅक्टरचं मागलं अंग रेटा खाऊन एका बाजूला गेलं. बाया वरडायला लागल्या. कल्याणनं शेवटी स्टेरिंग फिरवून ट्रॅक्टर नांगरलेल्या रानात घातला, तवा कुठं ढेकळांत रुतून सगळं थांबलं.

मी आधी मागं बघितलं. आरती दोनी हातांनी पोट धरून बसली हुती. डोळं मिटलेलं. "काय हुतंय का?" म्या इचारलं. तिनं मान हलवून न्हाई म्हनलं.

कल्याण उडी मारून आला. "हाच का तुझा ब्रेक? ढकल्या घेतला असता तर ही येळ आली असती का?"

खरंच वाटलं, माझ्याच हट्टापायी लेकीसारखी सून आन तिच्या पोटातलं आज गेलं असतं. टोळीतली बापय मानसं ट्रॉलीखाली शिरली. कुनी दांडी बघतंय, कुनी बोल्ट हलवून बघतंय. सगळं जागच्या जागी, घट्ट. काखेत कळसा आन गावाला वळसा. म्या वाकून ठोकळ्यावर बोट फिरवलं. बोट भगवं झालं. नाकाला लावलं, करडईचं तेल.

शेंदूर. शेंदूर आन तेल, मारुतीला थापत्यात तसा जाड थर. चारी ठोकळ्यांना.

म्या वर बघितलं. सगळी मानसं ट्रॉलीकडं बघत हुती, एकटे मालक तेवढे वढ्याकडं बघत हुते. हात धोतराच्या सोग्यात लपवलेले.

"अवं, हिकडं बघा. हात दावा," म्या म्हनलं.

त्यांनी हात दावले. बोटं भगवी.

"सकाळी ट्रॅक्टरला नारळ फोडला," ते हळू बोलले. "मंग वाटलं, सूनबाईचा सगळा भार ह्या नव्या ब्रेकावर. त्यो उपाशी कसा ठिवायचा? म्हनून शेंदूर लावला. म्हनलं, बाबा, तिला नीट खाली उतरव."

टोळीत कुनीतरी फिस्सकन हसलं. मालकांनी तिकडं बघितलं न्हाई.

"पैलं लेकरू गेलं तवा मी पोरीशी एक शबुद बोललो न्हाई," ते म्हनले. "काय बोलावं तेच कळंना. दोन सालं झाली, अजून कळत न्हाई. म्हनून ह्याच्याशी बोललो."

माझ्या जिभंवर शिव्यांची अख्खी माळ तयार हुती. ती मी गिळली. ब्रेक नगं म्हनून चार दिवस तोंड फिरवून बसलेला मानूस, सगळे उठायच्या आधी एकटा जाऊन त्याच ब्रेकला हात जोडून आला हुता. मला राग आला हुता, लई आला हुता, आन त्याच्या दुप्पट रडू आलं. आरती तर वर बसून हुंदकेच द्यायला लागली.

"देवाला तेल चालतं, ब्रेकाला न्हाई," म्या डोळं पुसून म्हनलं. "भांडी घासायला घेतलेली चुलीची राख काढा गं पोत्यातली."

"देवाचा शेंदूर राखेनं घासायचा?" मालक घाबरले.

"मढीला कानिफनाथाचा अंगारा कपाळाला लावता, ती काय असती? राखच ना? एका देवाचं पुसून दुसऱ्याचं लावतोय, बिघडलं काय?"

मंग बाया लागल्या कामाला. पातेली घासावी तशी राख, नारळाची शेंडी, कोरडी माती, पोत्याचं गोनपाट. टायर बी पुसून काढले. मालकांनी सोता चारी ठोकळे घासले, हाताची सालटी निघंस्तोवर. मंग आरतीला खाली बांधावर बसवलं आन त्याच उतारावर ट्रॉली पुन्यांदा आनली. म्या चाक फिरवलं, आन ट्रॉली अशी जागच्या जागी बसली की कल्याणचा ट्रॅक्टर म्होरं झटका खाऊन थांबला. मागं वळून तो माझ्याकडं बघत ऱ्हायला. त्याला काय बोलायचं ते मला दिसत हुतं. पन आईला खरं म्हननं पोरांना जड जातं.

घाटाच्या तोंडाशी रीतीपरमानं समदी उतरली. ट्रॉलीत आमी दोघीच, मी म्होरं आन आरती माझ्या पाठीशी. कल्याणनं पैला गिअर टाकला. मालक ट्रॉलीच्या बाजूनं चालत निघाले, ठोकळ्यांवर नजर ठेवून.

खोटं कशाला बोलू, मला लई भ्या वाटत हुतं. तळहात घामानं ओले, चाक निसटंल म्हनून पदराच्या टोकानं धरलेलं. मधल्या वळनावर कल्याणचा डावा हात वर गेला. म्या फिरवलं. ट्रॉलीचा रेटा चाकातनं माझ्या खांद्यापोतर आला. आनखी फिरवायला जोर पुरंना. तेवढ्यात मागनं दोन हात आले, आरतीचे, माझ्या हातांवर. "सरक, तुला जोर लावायचा न्हाई," मी वरडले. तिनं ऐकलं न्हाई. "जोर न्हाई लावत आत्याबाई, नुसतं धरते," ती म्हनाली. तिनं किती धरलं आन म्या किती, देव जाने. पन ट्रॉली रेटायची थांबली. रबराचा जळका वास आला, आन आमी ते वळन बैलानं पाय रोवत उतरावं तसं उतरलो.

खाली सपाटीला लागलो तवा कल्याणनं ट्रॅक्टर थांबवला. मागून टोळी आली. बायांनी आरतीला पानी दिलं. तिनं पोटावर हात ठेवून सांगितलं, "लाथ मारतंय." सगळ्या हसल्या. मी बैठकीवरनं उतरले.

मालक आले. धोतर खोचलं आन सरळ जाऊन त्या लोखंडी बैठकीवर बसले, दोनी हात चाकावर. आख्ख्या टोळीदेखत.

"अवं, आता पुढं शेवगाव, नेवासा, सगळी सपाटी," म्या म्हनलं. "तिथं ब्रेक धरून काय करनार?"

"तू जा, सूनबाईजवळ पड जरा," ते म्हनले.

"मामा, उतार न्हाई आता कुठं," आरती बी म्हनाली.

मालकांनी मागं वळून तिच्याकडं बघितलं. "असू दे पोरी. तू झोप. मी हाय हितं."

दोन सालांत तिच्याशी बोललेलं ते पैलं धड वाक्य. आरतीनं मंग गोधडी वढली आन खरंच झोपली. कोल्हार येईस्तोवर मालकांनी त्या चाकावरनं हात काढला न्हाई.