मागेपर्यंत थांबायचं

माझी प्राची चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. चिखलीच्या थेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या, "तिनं मागायच्या आत काही देऊ नका. थांबा. तोंडातून शब्द निघाला, की मात्र लगेच द्या."

हे सगळ्यात जड गेलं माझ्या सासऱ्यांना, प्राचीच्या आबांना. प्राचीनं माठाकडे नुसतं बघितलं, की त्यांच्या हातात पाण्याचा पेला तयार. एकदा मी चिडलेच. "मामाजी, तुमच्यापायीच पोरगी मुकी राहीन."

दुसऱ्या दिवसापासून ते बिस्कीट पाठीमागे धरून, भिंतीकडे तोंड करून उभे राहायला लागले. तिचं रडणं त्यांना बघवत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात ती "दे" म्हणाली. मामाजींनी अख्खा पुडा तिच्यापुढं रिकामा केला. मी त्यावरूनही बोलले.

दिवाळीनंतर ते गेले. शेतातून येऊन बाजेवर टेकले, ते उठलेच नाहीत.

काल मॅडमनी वहीत लिहिलं, 'वीस शब्द. प्रगती चांगली.' अमडापूरला घरी आलो, तर प्राची चपला न काढताच मामाजींच्या हार घातलेल्या फोटोपुढं गेली. हात पुढं केला.

"आबा दे."

हा शब्द वहीत नव्हता.

मग ती माझ्याकडे वळली आणि हात तसाच धरून थांबली. मी काहीच देत नाही असं बघून तिनं पुन्हा एकदा, मॅडमनी शिकवलं तसं, सावकाश आणि स्पष्ट म्हटलं, "आबा दे."