निरक्षराची भूमिका

प्रौढांना शिकवणारे शिक्षक तयार करायचे, तर त्याचंही प्रमाणपत्र लागतं म्हणे. त्यासाठी दहा दिवस मी त्या सभागृहात पंख्याखाली बसून काढले. चौदा वर्षं मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवतेय मी; पण संस्थेने नवा नियम काढला, शिकवणारा प्रमाणित प्रशिक्षक नसेल तो वर्ग बंद. माझ्या वर्गात एकवीस बायका आहेत. त्यांच्यासाठी आले, नाहीतर या लोकांच्या वाऱ्यालाही उभी राहिले नसते.

प्रशिक्षण देणाऱ्या आमच्या साहेबांनी उभ्या जन्मात एकाही मोठ्या माणसाला अक्षर शिकवलेलं नव्हतं. पडद्यावर बाण आणि गोल दाखवायची हौस मात्र दांडगी. ‘निरक्षर माणूस म्हणजे कोरी पाटी,’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकवलं आणि तीस शहाण्यांनी माना डोलावत ते वहीत उतरवून घेतलं. चहाच्या मावशी ट्रे घेऊन रांगांमधून फिरायच्या. त्यांच्याकडे मान वर करून बघायची तसदी कुणी घेत नव्हतं. मीही नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी परीक्षा. दोघादोघांनी पुढे यायचं, एकाने शिक्षक व्हायचं, दुसऱ्याने निरक्षर, आणि मग निरक्षर झालेल्याने शिक्षकाच्या चुका समजावून सांगायच्या. काय एकेक नग! एक बाई तोंड उघडं टाकून छताकडे बघत बसल्या. एक निवृत्त मुख्याध्यापक मुठीत पेन धरून चक्क बोबडं बोलू लागले. अहो, लिहिता येत नाही म्हणून माणूस बोबडा होतो का? मला तर शिसारी आली.

माझ्या पाळीला हेच मुख्याध्यापक शिक्षक झाले. त्यांनी अर्ज पुढे सरकवला, “बाई, एवढं वाचा बरं.”

मी पर्स चाचपली. “अगंबाई! चष्मा घरीच राहिला की.”

“असू दे, असू दे. उद्या आठवणीने घेऊन या.”

मी उठून सभागृहाकडे वळले. “संपलं! ही बाई आता परत येत नाही. माझ्या सासूबाई पस्तीस वर्षं चष्मा घरी विसरत होत्या. डोळे घारीसारखे! सासऱ्यांनासुद्धा पत्ता लागला नाही. चष्मा विसरला म्हटलं, की समजून घ्या.”

हशा पिकला, टाळ्या पडल्या, वह्या भरल्या. साहेबांनी पैकीच्या पैकी गुण दिले. माझा वर्ग वाचला होता आणि मी हवेत होते.

दुपारी प्रमाणपत्रांचं वाटप. साहेबांना एकदम मोठेपणा सुचला. कपबशा विसळत बसलेल्या मावशींना त्यांनी आतून बोलावलं आणि पाकिटांचा गठ्ठा त्यांच्या हातात ठेवला. “दहा दिवस तुम्ही आमचं केलंत, आज तुमच्या हस्ते वाटप. नाव वाचा आणि द्या.”

मावशींनी वरचं पाकीट उलटसुलट केलं. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, “साहेब, चष्मा घरी राहिलाय.”

सगळं सभागृह खो खो हसलं. मावशीही आधी कसनुशा हसल्या. मग एकेकाच्या तोंडाकडे बघता बघता त्यांचं हसू गेलं. गठ्ठा टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. दहा दिवस मी या बाईच्या हातचा चहा पीत होते आणि मला, चौदा वर्षांच्या जाणकार बाईला, काही कळलं नव्हतं.

मी मागोमाग आत गेले. त्या नळाखाली कप धरून उभ्या होत्या.

“का हसले हो सगळे?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सासूबाईंचंही सांगितलं. लाजेनं मला त्यांच्याकडे बघवेना.

“मावशी, माझ्या वर्गाला या. कुणाला कळणार नाही.”

“कळायचं कोण राहिलंय आता?” कप पालथा घालत त्या म्हणाल्या. “नऊ वर्षं आहे मी इथं. कुणाला सुगावा लागू दिला नव्हता. आणि तुमच्या वर्गाला येऊ? घरच्या सासूला सोडलं नाहीत, मी तर परकी.”

बाहेर साहेब माझं नाव पुकारत होते. मी पदर सारखा केला, बाहेर गेले आणि प्रमाणपत्र घेतलं. टाळ्या सगळ्यांत जास्त मलाच पडल्या.